राखणदार निवृत्त झाल्यावर
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



उत्सवाच्या सभेत संगणकाचा विषय काढणे काहींना रुक्ष वाटेल. परंतु ज्या नकाशाचे व कुटुंबपाहणीचे आज आपण कौतुक केले, ती दोन्ही कामे एका संगणकप्रणालीवर उभी आहेत आणि तिचे एकदोन खांब आता काढले गेले आहेत. अध्यक्षांनी हे मांडण्याची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावरचा जुना सुपा आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पुढच्या पिढीने तो पाहिलेला नाही. गणेशगुडीचे 101 मीटर उंचीचे धरण 1987 साली पूर्ण झाले. गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. कोणाचे घर कोठे होते हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या सांगण्यावरून जुन्या टोपोशीटवर घरे, देवळे व पाणवठे मांडण्याचे काम आपल्या तरुणांनी हाती घेतले, ते ह्याच काळजीने.

ह्या कामासाठी त्यांनी ‘आर’ नावाची सांख्यिकी प्रणाली वापरली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन ह्या दोघा अध्यापकांनी ती आरंभिली; तिची पहिली पक्की आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी निघाली. ती फुकट मिळते आणि तिचा मजकूर कोणालाही वाचता येतो. तिला जोडायची हजारो पॅकेजे जगभरच्या लोकांनी लिहून ‘क्रॅन’ नावाच्या भांडारात ठेवली आहेत. बहुतेकांना त्याचा पगार नाही. आपल्याकडे पावसाळा सरला की व्हाळाला बांध घालायला घरटी एक माणूस जातो. न गेल्यास त्या वर्षी कुळागराला पाणी नाही. पॅकेजाचेही तसेच आहे. मूळ प्रणाली बदलते, पॅकेज चाचणीत नापास होते, क्रॅनवाले त्याच्या राखणदाराला पत्र लिहितात. उत्तर आले नाही म्हणजे ते चालू यादीतून काढून जुन्या दप्तरात टाकतात.

आपल्या नकाशाचे पॅकेज होते ‘आरजीडाल’. ते 2003 पासून क्रॅनवर होते. नॉर्वेतील बर्गेनचे प्राध्यापक रॉजर बिव्हँड त्याची निगा राखीत. स्वतः निवृत्त होताना त्यांनी बरेच आधी जाहीर केले की आरजीडाल आणि त्याची दोन भावंडे 2023 अखेर बंद होतील, त्यांऐवजी ‘एसएफ’ किंवा ‘टेरा’ घ्यावे. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तसे झाले. माझ्या मते निरोप घ्यावा तर असा! वाईट एवढेच की हे जाहीर झालेले आपल्यापर्यंत पोचले नाही. ट्रस्टच्या नव्या संगणकावर आपली आज्ञावली चालविली तेव्हा पहिल्याच ओळीला ती थांबली.

थांबली हे एका परीने बरे झाले. खरा धोका न थांबता चुकीचे उत्तर देणाऱ्या आज्ञावलीचा असतो. जुनी टोपोशीटे पृथ्वीच्या ज्या मापावर बेतलेली आहेत त्याला एव्हरेस्टचे नाव आहे. आपल्या मोबाइलचे माप निराळे. दोहोंमध्ये जोयड्याच्या बाजूला शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते. 2019 मध्ये नकाशांची मापे बदलून देणारे पायाभूत साधन नव्याने रचले गेले, आणि त्यानंतरच्या आवृत्त्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या मापाचा काही भाग नुसता इशारा देऊन गाळू लागल्या. तो इशारा कोणी वाचला नाही तर देऊळ नदीपात्रात जाते आणि एकाचे घर दुसऱ्याच्या अंगणात. त्यावरून उद्या दोन भावांत तंटा झाला तर संगणकाला साक्षीला कसे बोलवायचे?

पाहणीचेही तेच. कोणत्या कुटुंबांना भेटायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ‘आर’कडून निवडले होते. 2019 च्या 3.6.0 ह्या आवृत्तीत निवडीची रीत सुधारली गेली. तेव्हापासून तोच आरंभाचा आकडा दिला तरी नावे वेगळी निघतात. सुधारणा योग्यच होती. पण आपली यादी जुन्या आवृत्तीवरची, हे कागदावर लिहिलेले नसेल, तर यादीत हात घातला असा आळ उगाच कोणावर तरी यायचा.

कोणी म्हणेल, जुना संगणक आहे तसा ठेवा. तो किती दिवस चालणार? आणि मोठ्यांच्या भरवशावरही राहता येत नाही. जुन्या तारखांची पॅकेजे जशीच्या तशी जपणारे मायक्रोसॉफ्टचे एक भांडार होते. ते कंपनीने 1 जुलै 2023 रोजी बंद केले.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती अशी. मूळ माहिती साध्या मजकुराच्या फायलींत ठेवावी आणि तिची छापील प्रत दप्तरात लावावी. प्रत्येक कामासोबत ‘आर’ची व पॅकेजांची आवृत्ती नोंदावी, ‘आरएनव्ह’ नावाचे पॅकेज ही यादी आपोआप करून देते. नव्या आवृत्तीवर जाताना जुने व नवे उत्तर शेजारी शेजारी ठेवून पाहावे; आपल्या नकाशाला चारपाच पक्क्या खुणा, ज्या आजही पाण्याबाहेर आहेत, तेवढ्यासाठी पुरतील. आणि हिशेबनीस नेमतो तसे हे काम एका माणसाकडे, त्याच्या हाताखाली दुसरे शिकते माणूस देऊन, नावानिशी सोपवावे. थोडा खर्च येईल, पण मंडपाच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

एसएफवर नकाशा पुन्हा उतरविण्याचे काम चालू झाले आहे. काही घरांच्या जागा अजून संशयित आहेत. त्यांची वही दाराशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. ज्या आजीआजोबांना सांगता येईल त्यांनी जेवणानंतर तेथे यावे, मुले लिहून घेण्यास बसली आहेत.