कार्नार्व्हनचा किल्ला आणि त्याचा शेजार



कोणताही किल्ला पाहावयास जातांना दोन प्रश्न मनांत बाळगावे. हा बांधला कोणी, आणि बांधला कोणाविरुद्ध? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दरवाजाजवळच्या पाटीवरच वाचावयास मिळतें. दुसऱ्याचें उत्तर हवें असेल, तर मात्र किल्ल्याबाहेर पडून भोंवतालचा मुलूख हिंडावा लागतो. वेल्स देशाच्या वायव्य टोंकास कार्नार्व्हन म्हणून एक तटबंदीचें गांव आहे. त्याची आणि त्याच्या शेजारच्या डोंगराळ मुलखाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे, ती ह्या दोन प्रश्नांच्या आधारें.

वेल्स हा ब्रिटन बेटाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. त्याच्या वायव्येस अँगल्सी नांवाचें एक बरेंच सपाट बेट असून, हें बेट व मुख्य भूमि यांच्यामध्यें मेनाय नांवाची अरुंद सामुद्रधुनी आहे. सैऑन्ट ही लहानशी नदी जेथें या सामुद्रधुनीस मिळते, तेथें कार्नार्व्हन वसलें आहे. अँगल्सीस वेल्श लोक आपल्या भाषेंत मोन म्हणतात. आणि 'मोनसमोरच्या मुलखांतला कोट' एवढाच कार्नार्व्हन या नांवाचा अर्थ आहे. वस्ती सुमारें १० हजार. आकारानें आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढेंच हें गांव; परंतु त्याच्या वेशीशीं उभा असलेला किल्ला युरोपांतील नामांकित किल्ल्यांमध्यें गणला जातो.

सह्याद्रीच्या गडांची संवय असलेल्या दृष्टीस येथें पहिलें नवल वाटेल तें असें कीं, जवळच एवढे उंच पहाड असतांना किल्ला मात्र पाण्याच्या कांठीं बांधलेला आहे. याचें कारण उघड आहे. डोंगर वेल्श लोकांचे होते आणि समुद्र इंग्लंडच्या राजाचा होता. वेल्श लोकांनीं खुष्कीच्या साऱ्या वाटा रोखल्या, तरी गलबतांतून धान्य, बाण आणि माणसें थेट तटापाशीं उतरवितां यावीं, अशी ही योजना होती. शिवाय अँगल्सी हें त्या प्रांताचें धान्याचें कोठार. त्यास 'वेल्सची आई' असें वेल्श लोक आजही म्हणतात. कार्नार्व्हनचा किल्ला या कोठाराच्या आणि डोंगराच्या मधोमध येऊन बसला.

तो केव्हां बसला, हेंही पाहूं. १२८२ च्या डिसेंबरांत ल्युएलिन आप ग्रिफिद हा वेल्सचा स्वतंत्र राजपुत्र लढाईंत मारला गेला. पुढच्या वर्षीं त्याचा भाऊ डाविद पकडला गेला व श्रूझबरी येथें हालहाल करून त्याचा वध करण्यांत आला. त्याच १२८३ सालीं इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें या किल्ल्याचें काम सुरू केलें. सव्हॉय प्रांतांतून आणविलेला 'सेंट जॉर्जचा जेम्स' हा त्याचा मुख्य स्थपति होता. काम १३३० पर्यंत रेंगाळलें; त्यावर त्या काळचे २० ते २५ हजार पौंड खर्ची पडले; आणि इतकें होऊनही किल्ला अपुराच राहिला. महाद्वारांतून आंत शिरल्यावर, पुढची भिंत जोडून घेण्यासाठीं म्हणून सोडलेले दगडांचे दांते ठिकठिकाणीं दिसतात. ती पुढची भिंत कधींच उठली नाहीं.

बाहेरून मात्र या अपुरेपणाची कांहींच कल्पना येत नाहीं. एडवर्डच्या इतर किल्ल्यांचे बुरूज वाटोळे आहेत; येथले अनेक कोनांचे आहेत, आणि तटाच्या फिक्या दगडांतून गडद दगडांचे आडवे पट्टे फिरविलेले आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या तटाची ही आठवण असावी, असें पुष्कळ इतिहासकार मानतात. पश्चिमेकडच्या टोंकास गरुड-बुरूज आहे. त्याच्या भिंती १८ फुटांपर्यंत जाड असून माथ्यावर तीन मनोरे आहेत, आणि त्यांवर दगडी गरुड बसविलेले होते.

कॉन्स्टँटिनोपल आणि गरुड यांचा वेल्सशीं संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर किल्ल्यापासून अर्ध्या-पाऊण मैलावर एका टेंकाडावर आहे. तेथें सेगॉन्टियम या रोमन ठाण्याचे पाये उघडे करून ठेवले आहेत. इसवी सन ७७ च्या सुमारास हें ठाणें वसलें आणि तीनशें वर्षांहून अधिक काळ नांदलें. रोमन सत्ता गेली, तरी लोकांच्या कथांत ती राहिली. मॅबिनोगिऑन या जुन्या वेल्श कथासंग्रहांत, रोमच्या एका बादशहास स्वप्नांत नदीच्या मुखाशीं एक भव्य कोट दिसतो व त्यांत त्यास त्याची राणी भेटते, अशी एक कथा आहे. कथेंतला हा बादशहा म्हणजे इतिहासांतला मॅग्नस मॅक्सिमस. १२८३ मध्यें त्याचें म्हणून एक प्रेत कार्नार्व्हन येथें सांपडलें, आणि एडवर्डनें तें मानानें चर्चमध्यें पुरविलें, अशी नोंद त्या काळच्या बखरकारांनीं केली आहे. यांतला हेतु ध्यानांत घेण्याजोगा आहे. वेल्श लोकांचा मुलूख तर राजानें घेतलाच होता. त्यांचें स्वप्नही त्यानें दगडांत बांधून आपल्या नांवावर करून घेतलें. म्हणून माझें सांगणें असें कीं, प्रवाशानें आधीं सेगॉन्टियमला जावें आणि मग किल्ल्यांत शिरावें. म्हणजे गरुडांचा अर्थ लागतो.

किल्ल्यास लागूनच जुनें गांव आहे. त्याचा तट सुमारें ८०० यार्ड लांब. त्यास आठ बुरूज आणि दोन वेशी. आंतले रस्ते एकमेकांस काटकोनांत छेदणारे, सरळ व अरुंद. हें गांवही राजानेंच वसविलें, आणि त्यांत इंग्लंडांतून आणलेल्या लोकांस घरें दिलीं. वेल्श मनुष्यानें तटाच्या आंत कायमचें राहूं नये, असाच हा सारा बेत होता. १२९४ मध्यें मॅडॉग आप ल्युएलिन याच्या नेतृत्वाखालीं वेल्श लोक उठले. त्यांनीं तट फोडला, गांव घेतलें आणि अपुऱ्या किल्ल्यास आग लावली. दुसऱ्या वर्षीं राजानें तें परत घेऊन तटाची दुरुस्ती केली. पुढें १४०० मध्यें ओवाइन ग्लिन्दूर यानें मोठें बंड उभारलें. त्याच्या सैन्यानें या किल्ल्यास वेढे घातले, पण किल्ला पडला नाहीं. त्या बंडाच्या सुमारास झालेल्या कायद्यांनीं वेल्श माणसास अशा इंग्रजी वस्तीच्या गांवांत जमीन विकत घेण्याची व शस्त्र बाळगण्याचीही बंदी केली. १५३६ च्या कायद्यानें न्यायालयांतून वेल्श भाषा हद्दपार झाली. एकोणिसाव्या शतकांत तर कांहीं शाळांतून, वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाचा एक तुकडा अडकविण्याची शिक्षा रूढ होती.

आतां आजचें कार्नार्व्हन पाहा. २०२१ च्या खानेसुमारींत साऱ्या वेल्समध्यें वेल्श बोलणारीं माणसें शंभरांत सुमारें १८ भरलीं. कार्नार्व्हनांत हेंच प्रमाण ८० च्या वर आहे. ज्या तटाच्या आंत वेल्श मनुष्यास थारा नव्हता, त्याच तटाच्या आंत आज भाजीची घासाघीस, पोरांचीं भांडणें आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा वेल्श भाषेंत चालतात. गांवच्या अस्सल रहिवाशास कोव्ही म्हणतात, आणि त्याची बोली इतकी ठसकेदार कीं इतर वेल्श लोक तिची नक्कल करून हंसतात. जिल्ह्याच्या कौन्सिलचा अंतर्गत कारभारही वेल्शमध्येंच होतो.

हें आपोआप घडलें नाहीं. १५८८ मध्यें विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकानें संपूर्ण बायबल वेल्शमध्यें आणलें. त्यामुळें न्यायालयांतून गेलेली भाषा देवळांत आणि घरांत टिकली. पुढें खेड्यापाड्यांतलीं माणसें खाणी व बंदर यांच्या कामासाठीं गांवांत आलीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषा वेशींतून आंत आली. विसाव्या शतकांत लोकांनीं शाळा, आकाशवाणी आणि सरकार-दरबार यांत तिच्यासाठीं चळवळ केली. १९६७ व १९९३ चे भाषाविषयक कायदे झाले, १९८२ मध्यें वेल्श दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि २०११ मध्यें वेल्समध्यें तिला अधिकृत दर्जा मिळाला.

राजघराण्यानेंही किल्ल्याचा उपयोग सोडला नाहीं. एडवर्डचा मुलगा १२८४ सालीं कार्नार्व्हनांत जन्मला. "इंग्रजीचा एक शब्दही न बोलणारा राजपुत्र तुम्हांस देतों," असें वचन देऊन राजानें हें तान्हें मूल वेल्श सरदारांपुढें धरलें, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती लिहिलेली सांपडते मात्र सोळाव्या शतकांत. आणि एडवर्डच्या दरबारची भाषा फ्रेंच होती, हें लक्षांत घेतां तिच्यांतली गंमतही कमी होते. वेल्सचा युवराज ही पदवी त्या मुलास १३०१ मध्यें मिळाली. १९११ आणि १९६९ मध्यें युवराजांचे पदग्रहण-समारंभ याच किल्ल्यांत झाले. पहिल्याचा सूत्रधार होता लॉइड जॉर्ज. तो या भागाचा पार्लमेंटांतील प्रतिनिधि, किल्ल्याचा मानद किल्लेदार, आणि वेल्श मातृभाषा असलेला ब्रिटनचा एकमेव पंतप्रधान. दुसऱ्या समारंभाच्या वेळीं मात्र वेल्समध्यें निषेधाचे सूर उघड उमटले. हा किल्ला आपलें वैभव कीं आपल्या पराभवाची खूण, याविषयीं वेल्श माणसांत आजही एकमत नाहीं. आणि तसें तें नसणें स्वाभाविक आहे.

आतां किल्ल्याबाहेर पडूं. सात-आठ मैलांवर डोंगराच्या पायथ्याशीं लॅनबेरिस हें गांव आहे. तेथें तळ्याच्या कांठीं एका उंचवट्यावर डोलबाडार्न नांवाचा एकच वाटोळा बुरूज उभा आहे. तो तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत वेल्श राजपुत्रांनीं बांधला. कार्नार्व्हनच्या मानानें तो अगदीं साधा. परंतु वेल्सच्या पाडावानंतर याच डोलबाडार्नचें लांकूड काढून कार्नार्व्हनच्या बांधकामास नेलें, एवढें कळलें म्हणजे त्या उघड्या बुरुजापाशीं पाऊल क्षणभर थांबतें. "कोणाविरुद्ध?" या आपल्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें.

तळ्याच्या पलीकडे अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनीं कापलेला दिसतो. ती दिनोर्विकची खाण. शाळकरी पाटी ज्या दगडाची होते, तोच हा दगड. त्याच्या पातळ फरश्यांनीं अनेक देशांतील घरांचीं छपरें शाकारलीं आहेत. एके काळीं येथें ३,००० हून अधिक माणसें राबत. खाण १९६९ मध्यें बंद पडली, आणि तिच्या कारखान्यांत १९७२ मध्यें संग्रहालय झालें. १९८४ पासून याच डोंगराच्या पोटांत वीज निर्माण होते : मागणी कमी असतां पाणी वरच्या तळ्यांत चढवावयाचें आणि मागणी वाढली कीं खालीं सोडावयाचें. कार्नार्व्हनसह एडवर्डचे चार किल्ले १९८६ मध्यें जागतिक वारशांत गणले गेले. या पाटीच्या खाणींच्या मुलखास तोच मान २०२१ मध्यें मिळाला. राजाची वास्तु आणि मजुरांची वास्तु अशा आज एका पंक्तीस बसल्या आहेत.

लॅनबेरिसहूनच वेल्सचें सर्वोच्च शिखर चढतां येतें. त्याची उंची १,०८५ मीटर, म्हणजे सुमारें ३,५६० फूट. इंग्रजींत स्नोडन म्हणून तें प्रसिद्ध आहे; वेल्शमध्यें त्यास अर् विद्व्हा म्हणतात, आणि २०२२ पासून तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या संस्थेनें हेंच नांव वापरावयाचें ठरविलें आहे. सर्वांत सोपी वाट लॅनबेरिसची : जाऊन-येऊन नऊ मैल, आणि त्यास सहा तासांचा अवधि धरावा. ज्यांस चालवत नाहीं, त्यांच्यासाठीं १८९६ पासून दांतेरी रुळांची आगगाडी आहे. ती हिंवाळ्यांत बंद असते, आणि वारा फार असल्यास शिखरापर्यंत जात नाहीं. हवामानाचा अंदाज पाहिल्यावांचून निघूं नये, आणि पक्के बूट व पावसाळी कोट उन्हाळ्यांतही बरोबर असावे. आकाश निवळ असेल, तर शिखरावरून आयर्लंडचा किनाराही दिसतो. डोंगरांतून बसल्याबसल्या फिरावयाचें असेल, तर किल्ल्याच्या पायथ्याजवळून पोर्थमॅडॉगपर्यंत जाणारी अरुंद रुळांची गाडी आहे. २०११ मध्यें पूर्ववत् झालेला हा सुमारें २५ मैलांचा रस्ता बेद्गेलर्टच्या रम्य दरींतून जातो.

तेव्हां कार्नार्व्हनला जाणाऱ्यानें निदान दोन दिवस हातीं ठेवावे. पहिल्या दिवशीं सेगॉन्टियम, किल्ला आणि गांवचा तट. दुसऱ्या दिवशीं डोलबाडार्न, खाण आणि डोंगर. नुसता किल्ला पाहून परतणारा जिंकणाऱ्याची बाजू तेवढी पाहून येतो. सायंकाळीं सैऑन्टवरचा पादचारी पूल ओलांडून पलीकडच्या कांठावर जावें. तेथून सारा किल्ला पाण्यांतल्या प्रतिबिंबासह दृष्टीस पडतो. आणि जाण्यापूर्वीं दोन शब्द पाठ करून ठेवावे : सकाळच्या नमस्कारास 'बोरे दा', आणि आभारास 'दिओल्ख'. तटाच्या आंतल्या कोणत्याही दुकानांत ते उपयोगीं पडतील.