गैरहजर आणि बेपत्ता

१९९१ साली आमदार धर्मरावबाबा आत्राम यांना नक्षलवाद्यांनी पळवून नेलं. दोन आठवड्यांहून अधिक काळ ते त्यांच्या ताब्यात होते. एका नक्षली नेत्याला सोडल्यावर त्यांची सुटका झाली. त्यांच्या आमदारकीला मात्र धोका नव्हता. घटनेच्या १९० व्या कलमानुसार परवानगीवाचून साठ दिवस बैठकांना न येणाऱ्या आमदाराची जागा रिकामी ठरवता येते, पण तो निर्णय सभागृहाच्या मर्जीवर सोडला आहे. अधिवेशन संपलेलं असेल, तर तो काळ मोजतही नाहीत.

आता गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडच्या ग्रामपंचायत सदस्याकडे या. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ४० म्हणतं, की रजा न घेता सलग चार महिने गावाबाहेर राहिलेल्या, किंवा सहा महिने सभांना न आलेल्या सदस्याचं पद जातं. इथे मर्जीचा प्रश्नच नाही. नोकरीसाठी नागपूरला गेलेला, धमकीची चिठ्ठी आल्यावर रात्रीतून तालुक्याला पळालेला आणि घरातून उचलून नेलेला, तिघे या कलमापुढे सारखेच. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते मी स्पष्ट बोलतो.

वाद झाला तर निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सदस्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून नोटीस निघते. माणूसच बेपत्ता असला की ती घराच्या दारावर डकवतात, दोन पंचांच्या सह्या घेतात. त्या घरातल्या बाईने ती वाचून करायचं काय? नवरा जिवंत आहे की नाही, हेच तिला ठाऊक नसतं. मृत्यूचं गृहीतक धरायला साक्ष कायदा सात वर्षं मागतो. पूर्वीच्या कायद्याच्या १०८ व्या कलमात हे होतं, २०२३ च्या नव्या अधिनियमातही तेच आहे. म्हणजे पद चार महिन्यांत जातं आणि घरच्यांना हक्क मिळायला सात वर्षं थांबावं लागतं.

गावाचं काम अडू नये, हे मलाही मान्य आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या जोडसहीशिवाय चेक वटत नाही, मजुरी थकते, हातपंप बंद पडतो. पण सरपंच नसताना त्यांचे अधिकार उपसरपंचाने चालवायची सोय कायद्यातच आहे. गाव चालवण्यासाठी बेपत्ता माणसाचं पद काढून घ्यायची घाई लागत नाही.

आणि एक वाट कलम ४० मध्येच आहे. सहा महिन्यांपर्यंतची रजा मंजूर करायचा अधिकार पंचायतीला आहे. सदस्याच्या घरच्यांनी अर्ज दिला, तर पंचायतीने त्यावर ठराव का करू नये? धमकीला भिऊन सह्या केलेल्या राजीनाम्यांचे गठ्ठे या भागाने पाहिले आहेत. त्याच्या उलट गावाने असा रजेचा ठराव केला, तर आपला माणूस आपण सोडलेला नाही हेही कागदावर येईल. चार महिने भरण्याआधी तो व्हावा, आणि अर्जाला पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची प्रत जोडलेली असावी.