दिवा विझवला, दाब तसाच राहिला

(महिला कार्यकर्त्यांच्या गाडी-देखभाल शिबिरात केलेल्या भाषणाचा भाग)

एम.एस.डब्ल्यू. करताना मी केसवर्क शिकले, गटकार्य शिकले. इंजिनातल्या ऑइलविषयी मला कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकायची वेळ का आली, तेवढंच आज सांगणार आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या जीपचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. इंजिन तापलं आणि गाडी जागेवर उभी राहिली की लागायचा, रेस दिली की जायचा. मी आणि आमची चालक मैत्रीण गॅरेजमध्ये गेलो. सोबत हिशेब लिहिणारा मुलगा होता. त्याला गाडी चालवता येत नाही, तरी मिस्त्री सगळं त्याच्याशीच बोलले. मैत्रीण म्हणाली, "दादा, दाब मोजून बघा ना." उत्तर आलं, "ताई, नुसता दिवा खराब आहे. काळजी करू नका." अर्ध्या तासात दिवा बंद. आम्हीही पैसे देऊन खुशीत परतलो.

पंधरा दिवसांनी, रात्री, कळा सुरू झालेल्या एका बाईला पेठकडून नाशिकला नेत होतो. घाटात इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. मैत्रिणीने लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मी म्हणाले, "दिवा तर लागला नाही, चल ना!" तिने किल्ली अर्धी फिरवून दाखवली. इंजिन चालू करण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नव्हता. १०८ ला फोन केला. बाई वेळेत पोचली, मुलगी झाली. पण अंधारात तिचा हात धरून वाट बघत काढलेला तो वेळ मी विसरणार नाही.

दुसऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, तर दिव्याची वायर काढून टेप गुंडाळून ठेवलेली! दाब वाढवला नव्हता, दिवा विझवला होता. बाईने तक्रार केली की तिलाच गप्प करायचं, ही रीत आपल्याला नवी नाही.

खरी तपासणी अशी असते. आधी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा घालून पातळी बघायची. पातळी कमी असेल तर गळती कुठे आहे, की ऑइल जळतं आहे, ते शोधायचं. ऑइल फार पातळ झालंय का, त्याला डिझेलचा वास येतोय का, तेही बघायचं. पातळी ठीक असेल तर दाबाचा स्विच काढून तिथे गेज लावायला सांगायचं. दिवा खोटा की खरा, हे त्यानेच कळतं. तापलेल्या इंजिनात हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय हा ढोबळ हिशेब. पक्का आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गेजवर दाब नीट असेल तर दोष स्विचचा किंवा वायरचा. दाब खरंच कमी असेल तर फिल्टर, चेंबरमधली जाळी, दाबाचा व्हॉल्व्ह, ऑइल पंप आणि शेवटी झिजलेली बेअरिंगं, असं शोधत जायचं.

आमच्या जीपची जाळी गाळाने भरली होती. ऑइल पुरेसं न पोचल्याने बेअरिंगं खराब झाली. दिवा लुकलुकला तेव्हाच चेंबर साफ केला असता, तर एवढं इंजिन उघडावं लागलं नसतं. आणि इथे कबूल करते, चूक आमचीही होती. खर्च वाचवायला ऑइल बदलणं आम्हीच दोनदा पुढे ढकललं होतं.

म्हणून आता गाडीत एक वही असते. किती किलोमीटरला ऑइल बदललं, पट्टीवर पातळी किती, गेजवर आकडा किती, सगळं लिहायचं. रोज किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो का, इंजिन चालू झाल्यावर विझतो का, ते बघायचं. चालत्या गाडीत लागला तर "जवळच तर जायचंय" म्हणायचं नाही. थांबायचं, इंजिन बंद करायचं. गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारायचा: "गेज लावलं का? आकडा किती आला?" आकडा मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

चला, बाहेर जीप उभी आहे. पट्टी कोण काढतंय?