घामाचे दाम

दसरा-दिवाळी झाली, की आपल्या बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडची माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि पुढे सारा हंगाम ऊस तोडून ती फेडायची. एका दिवसाचा खाडा पडला, तरी पैसे कापले जातात. मग बाईने आपले दुखणे सांगावे कोणाला? २०१९ साली सरकारी समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती!

याचा ख्रिस्ती शिकवणुकीशी काय संबंध, असे कोणी विचारील. सांगतो. १५ मे १८९१ रोजी कॅथलिकांचे धर्मगुरू पोप तेरावे लिओ यांनी मजुरांविषयी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. युरोपातल्या कारखान्यांत तेव्हा मजूर असाच नाडला जात होता. पोप म्हणाले, अडलेला मजूर कमी मजुरीला 'हो' म्हणाला, एवढ्याने तो करार न्यायाचा ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचे पोट भागेल इतकी मजुरी हवीच. त्याला विसावा हवा, आणि बायका-मुलांवर त्यांच्या ताकदीपलीकडचे काम लादता कामा नये. बायबलातही याकोबाने आपल्या पत्रात धनवंतांना बजावले आहे, की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे दाद मागते.

म्हणजे गरिबाची सेवा न्यायापासून सुरू होते. हक्काचे दाम बुडवायचे आणि सणाला लुगडे वाटायचे, ही काही दया नव्हे. हे पटायला कोणी ख्रिस्तीच असले पाहिजे असे नाही.

मग आपण काय करावे? गुरुजी, कोयत्यामागे निघालेले पोर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिले, तर त्याची शाळा सुटणार नाही. ते निघण्याआधीच त्याच्या घरी जाऊन या. आणि गावकरी मंडळी, उचल किती घेतली, फिटली किती, कापले किती, हा हिशेब मजुराच्या वहीत लिहून त्याला वाचून दाखवणारा एक तरी माणूस गावात असू द्या. या कामाला पैसा लागत नाही. लागते ती थोडी सवड, आणि मुकादमासमोर बसून आकडा विचारण्याची हिंमत.