उरलेले, पण टाकाऊ नव्हे



लोणी काढल्यावर मागे उरते ते ताक. उद्योगाच्या परिभाषेत तो केवळ उपपदार्थ. परंतु मराठी घराने ताकाला कधी टाकाऊ मानले नाही. तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवली जाई. चक्का बांधताना निथळलेली निवळी कणीक मळण्याच्या कामी येई.

हेच दूध कारखान्यात गेले की हिशेब पालटतो. १० लिटर दुधापासून साधारण १ किलो चीज मिळते आणि सुमारे ९ लिटर निवळी उरते. दुधातील जवळजवळ निम्मे घनपदार्थ तिच्यातच असतात. पाश्चात्त्य देशांतील कित्येक कारखान्यांनी अनेक दशके ती नदीनाल्यांत सोडली. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पुढे प्रदूषणाचे कायदे कडक झाले, सूक्ष्म पडद्यांतून गाळण्याचे तंत्र रुजले आणि त्याच निवळीतून प्रथिनांची भुकटी निघू लागली. आज व्यायामशाळेत जाणारा मुलगा तिचा महागडा डबा हौसेने आणतो आणि त्याच घरात पनीरचे पाणी मोरीत ओतले जाते!

ही विसंगती मननीय आहे. ग्राहक केवळ पर्यावरणाच्या उपदेशाने वळत नाही. गुण, चव आणि विश्वास यांनी वळतो. भाताचा कोंडा पाहा. गिरणीतून निघताच त्यावर प्रक्रिया झाली नाही, तर तो लवकर खवट होतो. वेळेवर प्रक्रिया झालेल्या कोंड्याचे तेल आज स्वयंपाकघरात मानाने पोहोचले आहे आणि तेल काढल्यावर उरलेला कोंडा गुरांनाही मिळतो. माणसाने घेतले म्हणून जनावर उपाशी राहिले नाही.

अमेरिकेत अशा पदार्थांच्या उत्पादकांची संघटना २०१९ मध्ये स्थापन झाली. २०२१ मध्ये प्रमाणचिन्हही आले. परंतु चिन्ह पाहून भुलणे हा विवेक नव्हे. मूळ पदार्थ कोणता, त्यात साखर किती मिसळली, दूध न सोसणाऱ्यांसाठी सूचना आहे काय, हे वेष्टनावर वाचलेच पाहिजे. उरलेल्यापासून केले एवढ्यावरच अवाच्या सवा दाम देण्याचेही कारण नाही.

बाजाराने हा विचार नव्या नावाने मांडला, याचे स्वागतच आहे. मात्र त्याचा आरंभ दुकानात नव्हे, घरात व्हावा. पुढच्या वेळी पनीर कराल, तेव्हा ते पाणी मोरीकडे नेण्यापूर्वी कणकेच्या परातीकडे एकदा अवश्य पाहा.