घरातली साक्ष

मंडळी, आपला ख्रिस्ती धर्म दुसऱ्याला सांगावा कसा? चावडीवर ओरडून? कवी टिळकांचं घर पाहा.

1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं सुटलं नाही. दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नसे. टिळकांनी ते चालू दिलं. सोपं नाही हो हे! स्वभावाने ते मोठे तापट.

बाई पाहत होत्या, विचार करीत होत्या. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांचं त्यांनाच पटलं. मग त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

फारसं शिक्षण नसलेल्या या बाईंनी पुढे हे सगळं 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहिलं. नवऱ्याचा रागही त्यांनी झाकला नाही.