घर स्वस्त, राहणे महाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी भजी तळायला मागच्या बाजूला असते. यंदा आपण मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र मी स्वतः मागून घेतला. गेले चार महिने आमच्या घरात दुसरे बोलणेच नाही. थोरल्याचे लग्न झाले, तीन खोल्यांत सहा माणसे झाली आणि जागा पाहणे सुरू झाले.

आपल्या पिंपळगावात जमीन पाहायची म्हणजे द्राक्षाला किंवा टोमॅटोला, असे मी लग्न होऊन आले तेव्हा होते. आता किती बागांतले मांडव उतरले आणि तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, हे आपण पाहतोच. आम्हीही दोन ठिकाणे पाहिली. एक गावातले, भाव ऐकूनच आम्ही चहा न घेता उठलो. दुसरे महामार्गाच्या पलीकडे, बरेच स्वस्त. ह्यांनी आणि मुलाने कागद पाहिले, भाव केला. सूनबाई आणि मी मात्र नळ शोधत होतो. नळ नव्हता. टँकर येतो, असे सांगण्यात आले.

घरी येऊन सूनबाईने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मुलांना शाळेत सोडायचे तर महामार्ग ओलांडायचा, म्हणजे रिक्षा आली. रोजचे ऐंशी रुपये धरले, तर पंचवीस दिवसांचे दोन हजार. वर टँकर. वर रात्री दिवा नाही म्हणून मुलाला कंपनीतून यायला उशीर झाला की कोणीतरी न्यायला जायचे. हप्त्यात जे वाचत होते ते रस्त्यात आणि पाण्यात जात होते. मुलगा गप्प बसला. मला सुनेचे कौतुक वाटले, पण तेव्हा बोलले नाही; आता सर्वांदेखत बोलते.

माझे माहेर नाशिकचे, सिडकोतले. सिडको ही संस्था १९७० साली निघाली ती नवी मुंबई वसवायला, आणि पुढे तिने नाशिकलाही सहा योजनांत घरे बांधली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना ती हप्त्याने मिळाली. आमचे घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे थोडी मोकळी जागा. वडिलांचा पगार बेताचा, पण तेवढ्यात घर झाले. नंतर दादा कमावता झाला तेव्हा वर मजला चढला. गरिबाला परवडणारे घर असे थोडेथोडे वाढणारे असावे, असे मला अजून वाटते.

पण एक कबुलीही देते. वडिलांनी पुढची मोकळी जागा भिंत घालून आत घेतली. शेजाऱ्यांनीही घेतली. सगळ्यांनाच खोली हवी होती, दोष कोणाला द्यायचा? आता त्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते. आईला दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा गाडी कोपऱ्यावर उभी राहिली आणि आम्ही तिला खुर्चीवर बसवून उचलून नेले. आमच्याच भिंतीला आईचा पाय घासला.

माझी आत्या मुंबईला वरळीच्या बीडीडी चाळीत. इंग्रज सरकारने १९२०च्या सुमारास बांधलेल्या त्या चाळी. खोली १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून. त्या संडासाचे गोडवे कोणी गाऊ नयेत. रात्री मुलींना तिकडे जायची भीती वाटे. पण १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आत्याच्या यजमानांची नोकरी कायमची गेली, तेव्हा त्याच खोलीने त्यांना तारले. भाडे थोडे, शाळा पायी जाण्यासारखी, आणि आत्या डबे करू लागली तर तिची मुले सांभाळायला सबंध गॅलरी होती. त्या चाळी आता पाडून नवे बांधकाम चालू आहे. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांत आत्याही आहे. स्वतःचा संडास मिळाला म्हणून ती रडली. आणि आता फोनवर विचारते, "अगं, दार लावलं की पलीकडे कोण राहतं ते कळतच नाही. मी पडले तर हाक कोणाला मारू?" इमारत चाळीस मजली आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या वसाहतीतली मागची मोकळी जागा. आपण तिथे हळदीकुंकू करतो, संध्याकाळी पोरे खेळतात, मावशींचे गुडघे तिथल्याच चालण्याने बरे आहेत. महिन्यापूर्वी तिथे विटा येऊन पडल्या. दुकानांचे गाळे होणार असे कानावर आले. कोणाचे, ते मी इथे बोलत नाही.

मला वाटले होते, ती जागा कोणाची तरी पडीक असेल. तसे नाही. २०२०च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. आपली वसाहत त्याआधीची, पण तिच्याही मंजूर नकाशात ती जागा मोकळी म्हणूनच दाखवली आहे. सूनबाईने नकाशाची प्रत मागून आणली. तो माझ्या पिशवीत आहे, चहाच्या वेळी पाहावा. प्लॉट घेताना आपण सर्वांनी त्या जागेचाही पैसा भरलेला आहे.

एकटी गेले तर कचेरीत मला बाकावर बसवून ठेवतील, हा अनुभव घेऊन झाला आहे. म्हणून सोमवारी सकाळी अकरा वाजता जायचे ठरवले आहे. अर्ज सूनबाईने लिहिला आहे, खाली सह्यांना जागा सोडली आहे. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबी आणली आहे. मुलांना आणावे लागले तरी आणा.